हाप्कामावशीचा मरणाचा सदरा

३ जुलै २०१९, बुधवार

ही वही कारखान्यातली. पानापानावर रकाने छापलेत: थर, मीटर, कपात, कटरचा नंबर. कारखाना बंद पडला तेव्हा मी अशा चार वह्या उचलून आणल्या होत्या. तीन लोणच्यांच्या कृतींत संपल्या. चौथी आज काढली, कारण सूनबाईंचा हुकूम झाला: "आई, कोणाकडून कुठलं कापड आलं ते लिहून ठेवत जा." ठीक आहे, लिहिते. पण रकान्यांत मावत नाही ते कुठे लिहायचं? तेही इथेच.

माझी सून यारिना, वय चौतीस. तिचा नवरा म्हणजे माझा लेक वादिम. तो पोलंडला वेल्डिंग करतो आणि रविवारी फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारतो. यारिना गेल्या वर्षी कीव्हची चांगली नोकरी सोडून इथे होलुबिव्कात माझ्याकडे आली आणि बंद पडलेल्या बालवाडीत कपड्यांचं वर्कशॉप थाटून बसली. बायकांचे झगे, ब्लाउज, कोट. सगळे गावातल्या म्हाताऱ्यांच्या पेटाऱ्यांतल्या जुन्या, हातमागाच्या लिननचे. मशीनचं भरतकाम नाही, प्लास्टिकचं बटण नाही. रंग अक्रोडाच्या सालींचा नाहीतर कांद्याच्या टरफलांचा. चिंधीसुद्धा फेकायची नाही, तिच्या बाहुल्या होतात. आणि प्रत्येक कपड्याच्या आत एक पट्टी शिवायची, तिच्यावर नावं: कापड कोणी विणलं, कापलं कोणी, भरलं कोणी. कीव्हच्या बायका म्हणे ती पट्टी वाचून डोळे पुसतात. मी कारखान्यात चोवीस वर्षं रेनकोट कापले, त्यांच्या आत काय लिहिलेलं असायचं? "कटर क्र. ७". ते वाचून कोणी रडल्याचं ऐकिवात नाही.

इथेही कापायचं काम माझंच, रायाचं. मी डावखुरी. शाळेत बाईंनी माझा डावा हात पट्ट्याने बाकाला बांधून ठेवला होता, पण पुढे तोच हात पोटाला कामी आला. माझी डावखुऱ्यांची कात्री अजून सर्रकन चालते.

यारिनाचा नियम असा की प्रत्येक घडी उलगडायची, उजेडात धरायची, मग कापायची. मी म्हटलं, "बाळा, मी सोळा थर एकावर एक ठेवून कापलेत. केसभर इकडेतिकडे नाही."

"आई, ते रेनकोट होते," ती म्हणाली.

ही मला बोलण्यात हार जात नाही. आवडते मला. पण तिला सांगायचं कशाला, डोक्यावर बसेल.

९ जुलै, मंगळवार

हाप्कामावशी काठी टेकत स्वतः आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, अंगाने चिमणीएवढी, जीभ मात्र वस्तऱ्यासारखी. सहा घड्या लिनन दिलं. (रकान्यात लिहिलंय.) ती माझ्या आईची, उस्तिनाची, जिवाभावाची मैत्रीण. दोघी भरतकामाच्या संघात शेजारी शेजारी बसायच्या. आमच्याकडचं भरतकाम म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. पांढरं कापड, पांढरा दोरा, मधेमधे धागे काढून केलेली जाळी. लांबून काही दिसतच नाही. दिसायचं नसेल तर भरायचं कशाला, हे मला जन्मात कळलेलं नाही.

मला बघितल्या बघितल्या मावशी म्हणाली, "राया, अजून नायलॉनचाच झगा? चुलीपाशी जपून हो, पेटशील."

"चुरगळत नाही, मावशी."

"लग्नातही तू हेच म्हणाली होतीस."

म्हणाले होते, खरं आहे. १९७९ साली पोल्ताव्हा शहरातल्या दुकानातून क्रिंपलीनचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा, झगा आणला होता. आमच्यात लग्नात आईने भरलेला सदरा मुलीच्या अंगावर असतो. माझी आई मी बारा वर्षांची असताना गेली, मग मला कोण भरून देणार? मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. क्रिंपलीन खरंच चुरगळलं नव्हतं.

मावशी यारिनाकडे वळून म्हणाली, "हिला सुई धरायला शिकव."

"मला कात्री पुरते," मी म्हटलं.

१६ जुलै, मंगळवार

माझा हात मोडला असता तर बरं झालं असतं.

कीव्हचे सहा कोट द्यायचे होते. यारिना लाकडी बटणं आणायला पोल्ताव्हाला गेलेली. उन्हाने जीव नकोसा झाला होता, चष्मा घरी राहिलेला. मी हाप्कामावशीच्या सहाही घड्या न उलगडता एकावर एक ठेवल्या, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवला आणि घातली कात्री. कारखान्याची सवय. चौथ्या थराला कात्रीचा आवाज बदलला, जाड काहीतरी लागलं. तिथे थांबायचं सोडून मी जोर दिला.

उचलून बघते तर बाही. पांढऱ्यावर पांढऱ्या डहाळ्या, आरपार कापलेल्या. छातीवरून दोन तुकडे. घड्यांच्या मधे घडी करून ठेवलेला सदरा होता.

मी कात्री खाली ठेवली. चोवीस वर्षांत एक बाही वाया घालवली नाही मी.

१७ जुलै, बुधवार

यारिना मला रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "चला आई, आधी सांगून येऊ." दोघी तुकडे घेऊन हाप्कामावशीकडे गेलो.

मावशी व्हरांड्यात चेरीच्या बिया काढत होती. तुकडे हातात घेतले, उलटेपालटे केले. एका कोपरावर बीटाचा डाग होता, त्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, चांगलं बराच वेळ. माझा रंग उडालेला असणार. आणि मग एकदम कपाळावर हात मारून ओरडली, "अगं बाई! माझा मरणाचा सदरा!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इथल्या प्रत्येक म्हातारीच्या पेटाऱ्यात तिचं मरणाचं गाठोडं असतंच: सदरा, डोक्याचा रुमाल, सपाता, मेणबत्ती, वरून घालायचं फडकं. माझंही अर्धं बांधून झालंय. त्याला मुलंसुद्धा हात लावत नाहीत, आणि मी कात्री लावली. बिचारीला धक्काच एवढा बसला की पहिल्यांदा शब्द फुटेना. डागाचं म्हणाल तर पेटाऱ्यातही डाग पडतात.

"मावशी, मी नवीन आणून देते," मी म्हटलं.

"आणून? बाजारातून? मी देवापुढे बाजारातला घालून उभी राहू?" तिने काठी आपटली. "पोक्रोवाच्या आत नवा पाहिजे. पुढचं बर्फ मी बघत नाही, मला माहीत आहे. आणि तूच करायचास. शिवायचा तू, भरायचा तू. सुनेने एक टाका घातला तर मी उघडी जाईन, पण तो घालणार नाही."

पोक्रोवा म्हणजे मारियामातेचा सण, चौदा ऑक्टोबरला. मला साधा धावदोरा सरळ येत नाही.

२० जुलै, शनिवार

गावभर झालं. दुकानवाल्या ओदार्काला कळलं म्हणजे पेपरात आलंच. सकाळपासून सात जणी येऊन आपापलं कापड परत घेऊन गेल्या. एकीने जाताना माझ्या कात्रीकडे असं बघितलं की मी ती खणात टाकली.

संध्याकाळी यारिना बालवाडीतल्या पिटुकल्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "कापडच नसेल तर काय करणार, आई? बाजारचं कापड घेऊन मी हे करणार नाही. पोक्रोवापर्यंत बघू, नाहीतर मी परत कीव्हला जाते."

मी म्हटलं, "जा की." आणि भांडी घासायला गेले. एकच ताट तीनदा घासलं. ही गेली तर मी या घरात भांडू कोणाशी?

मग ओदार्काच सांगत आली: हाप्कामावशी दुकानाच्या बाकावर बसून सगळ्यांना म्हणाली, "राया सदरा करतेय. तो झाला की मी बघेन आणि मग तुम्ही बघा. तोपर्यंत तोंडं बंद." म्हणजे आता सगळं माझ्या दहा बोटांवर. त्यातली नऊ निकामी.

२९ जुलै, सोमवार

आठवडाभर रोज चार तास मावशीच्या व्हरांड्यात. (काल रविवार, रविवारी सुईला हात लावायचा नसतो. तेवढी सुटका.) तिला आता बारीक काही दिसत नाही, पण बोटांनी वाचते. मी टाका घातला की ती अंगठा फिरवते आणि म्हणते, "पाच धागे घेतलेस. चार."

"एका धाग्याने काय होतं?"

"रेनकोटाला काही होत नाही."

कापडावर काही काढायचं नाही, छापायचं नाही, सगळं धागे मोजून. मागे गाठ दिसता कामा नये, गाठ पडली तर म्हणे नशिबात अडकते. माझ्या आठ गाठी पडल्या आज, आठही तिने उसवायला लावल्या. अंगुस्तान माझ्या बोटात जाईना, मग तिने कुठूनतरी दुसरं काढलं, ते बरोबर बसलं. डाव्या हाताच्या बोटात. "डाव्यानेच शिव," म्हणाली. "तुझ्या बाईंचा पट्टा इथे नाही."

मला आश्चर्य वाटलं. हिला पट्ट्याचं कसं ठाऊक?

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज जाळीचं पहिलं घर कापलं. आधी चौकोनाच्या कडा भरीव टाक्याने बांधायच्या, मग आतले धागे कापून काढायचे आणि उरलेल्या धाग्यांना दोरा गुंडाळायचा. एक धागा चुकीचा कापला की महिन्याचं काम गेलं. मी कात्री हातात घेऊन बसले आणि हात पुढे जाईना. माझा! कटर क्र. ७ चा!

मावशी म्हणाली, "काय गं, कात्री पुरते ना तुला?"

मला हसू आलं आणि हसता हसता कापलं. बरोबर कापलं. चौकोनातून पलीकडचं अंगण दिसलं, कोंबडीसकट. मी घरी येऊन यारिनाला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागले तर म्हणाली, "आई, कोंबडीचं झालं सांगून."

२० ऑगस्ट, मंगळवार

काल सफरचंदांचा सण झाला. आज मावशीच्या व्हरांड्यात गर्दी. बायका सफरचंदं घेऊन येतात, खरं तर माझी फजिती बघायला येतात. पण नुसतं बघत कोण बसणार? दोघी-तिघींनी आपापली सुई आणली होती. मावशीने त्यांच्याही टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि त्यांनाही शिव्या दिल्या. मला फार बरं वाटलं.

ओदार्का माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "मावशी, मरणाच्या सदऱ्याला सुई आपल्यापासून लांब चालवतात ना? माझी आजी सांगायची. जिवंत माणसाच्या कपड्यालाच आपल्याकडे ओढतात. ही तर आपल्याकडे ओढतेय!"

मी घाबरले. महिन्याचं काम! पण मावशी म्हणाली, "तुझ्या आजीने तुला वारेनिकीची पारी लाटायलाही सांगितलं होतं. ते आधी शीक, उकडताना फुटतात तुझे."

सगळ्या हसल्या. मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "सदरा माझा की ओदार्काचा? ओढ आपल्याकडे."

यारिना सफरचंदं चिरत होती, तिची सुरी थांबली. तिने मावशीकडे बघितलं. मावशीच्या डोळ्यात काहीतरी गेलं असावं, एक डोळा सारखा मिटत होता. येताना वाटेत यारिनाने अचानक मला मिठी मारली, भर रस्त्यात, टोपलीसकट. पोरीला ऊन लागलं बहुतेक. घरी आल्यावर तिला सरबत दिलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

पुढची आणि पाठची बाजू जोडून झाली, बगलेत कळ्या बसवल्या. मावशी म्हणाली, "घाल अंगात."

"मी? मरणाचा सदरा जिवंत माणूस घालून बघतं का?"

"मग काय मी मरून बघू? घाल. माझ्या मापाची तूच आहेस."

आता मी शहाण्णव किलो, आणि ती सगळी मिळून माझ्या एका पायाएवढी. मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर माणूस फुगतं."

घातला. तिने आजूबाजूने चाचपलं, खांद्यावर, पाठीवर, दंडावर. तिचे हात कोरडे आणि हलके. इतकं हळू कोणी मला चाचपून किती वर्षं झाली, मला आठवेना. मग म्हणाली, "बाह्या रुंद ठेव. पीठ मळताना कोपरापर्यंत सारता आल्या पाहिजेत."

"वर कोण पीठ मळतं, मावशी?"

"तुला काय माहीत? जाऊन आलीस?"

मी बाह्या रुंद ठेवल्या.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज मावशीने उशीखालून एक फडकं काढलं. त्यात दोन कफ, भरून तयार. जुने, किंचित पिवळे पडलेले. आणि काय काम! माझी सगळी बाही त्यांच्यापुढे बालवाडीची. "हे लाव," म्हणाली. "कफ तुला करायचे नाहीत."

"कोणी भरलेत?"

"होती एक."

यारिना सोबत होती. तिने कफ उजेडात धरले. आमच्याकडे उजव्या कफाला काज नसतं, दोऱ्याची कडी असते, कारण उजव्या मनगटाचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं आणि डावा हात अडाणी. कडीत बटण सहज जातं. या जोडीत उलटं होतं, कडी डाव्या कफाला. यारिना म्हणाली, "चूक झालीय इथे. आणि अदलाबदलही करता येणार नाही, डहाळी अंगठ्याकडे वळवलीय. आजी, मी कडी सोडवून तिकडे—"

"हात लावशील तर बोटं मोडीन," मावशी म्हणाली. एवढ्या रागाने ती कधी बोलली नव्हती.

मी म्हटलं, "जाऊ दे. घाईत केलं असेल बाईने." मी माझ्या डाव्या हाताने दोरा ओवत होते. यारिना माझ्या हाताकडे बघत राहिली, मग उठून परसात गेली ती पंधरा मिनिटं आलीच नाही. आली तेव्हा नाक लाल. म्हणाली, कांदे बघत होते. परसात कांदे नाहीत, बटाटे आहेत.

२ ऑक्टोबर, बुधवार

राखेच्या पाण्यात सदरा धुतला, गवतावर वाळवला. आता पांढरा झाला आणि आता मला ते दिसलं. सूर्य खाली आला की तिरप्या उजेडात सगळ्या डहाळ्या वर येतात. डोक्यावर ऊन असताना काही नाही, आणि मग एकदम सगळं असतं. बासष्टाव्या वर्षी कळलं. मी तिथेच गवतात बसून राहिले.

फक्त गळ्याची पट्टी उरलीय. दोन दिवसांचं काम. पण मी आज मुद्दाम एक ओळ चुकीची घातली.

खरं लिहायचं तर मला हा सदरा संपवायचा नाही. सदरा नसेल तर ती जाणार कशी? मला हाप्कामावशी पाहिजे. रोज तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय आता मला जेवण जात नाही. आणि संपवला नाही तर वर्कशॉप जातं, यारिना जाते. काय करू?

मावशीने चुकीच्या ओळीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग म्हणाली, "लबाड." आणि माझ्या गालाला हात लावला.

९ ऑक्टोबर, बुधवार

मावशीला सोमवारपासून ताप. छातीत कफ. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, म्हणाले वय झालंय, बघू. ती पडल्या पडल्या म्हणते, "पट्टी झाली का? मला झालेला बघू दे. मग काय व्हायचं ते होवो."

मी तिच्या पलंगाशी बसून भरते. आता एकही ओळ मुद्दाम चुकवत नाही. शेवटचं जे मागतेय ते तिला वेळेवर मिळालं पाहिजे. यारिना सूप करते, मी भरते, मधेच दोरा दिसेनासा होतो तेव्हा ती सुई माझ्या हातातून काढून घेते, पण टाका घालत नाही. मला डोळे पुसू देते आणि परत देते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सगळं लिहिते, नाहीतर उद्या मला खोटं वाटेल.

सकाळी शेवटचा टाका घातला. मागे गाठ नाही, एकही नाही. मावशीला ताप नव्हता, उशांना टेकून बसली होती. सदरा तिच्या मांडीवर ठेवला. तिने सगळीकडून अंगठा फिरवला, अर्धा तास तरी. यारिना आणि मी उभ्या, शाळेतल्या मुलींसारख्या. शेवटी म्हणाली, "चार धागे. सगळीकडे चार." मला एवढं शाबासकीचं बोलणं आयुष्यात कोणी ऐकवलं नव्हतं.

मग म्हणाली, "थंडी वाजतेय. पेटाऱ्यातून माझी लोकरी शाल काढ."

मी पेटारा उघडला. शाल वरच होती. तिच्याखाली गाठोडं. मी म्हटलं चला, यातच सदरा ठेवू, आणि गाठ सोडली. रुमाल. सपाता. मेणबत्ती. आणि सदरा. साधा, कोराकरकरीत, चिमणीएवढ्या बाईच्या मापाचा. टाके आपल्यापासून लांब चालवलेले.

"मावशी," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"काय असणार? माझा मरणाचा सदरा. एक्याण्णव साली शिवलाय."

"मग मी कापला तो?"

"तो होय? तो बीट काढायला जायचे तेव्हा घालायचे मी. घड्यांत चुकून गेला." तिला खोकला आला, का हसू, कळेना. "तुझं तोंड बघितलं त्या दिवशी. म्हटलं, सापडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही बया मला नाही म्हणू शकणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने! माझी बोटं! गावभर माझी नाचक्की! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. यारिना दाराशी तोंडावर हात ठेवून उभी, म्हणजे हिलाही ठाऊक होतं. मी शेवटी ओरडले, "मग हा सदरा कोणासाठी?"

"घाल," मावशी म्हणाली.

"मी विचारलं, कोणासाठी?"

"घाल की गं आधी."

मी रागारागाने झग्यावरूनच घातला. उजवं बटण डाव्या हाताने लावलं. मग डावं लावायला गेले. माझा उजवा हात म्हणजे काय सांगावं, जन्मभर डाव्या मनगटाचं बटण लावताना मी दात वापरत आलेय. नाहीतर नवऱ्याला हाक मारायची, तो गेल्यावर कोणालाच नाही. आणि आज बटण गेलं. पहिल्या फटक्यात, कडीत, सहज.

मी ते काढलं आणि पुन्हा लावलं.

मावशी हळू आवाजात बोलायला लागली. "तुझ्या बाईंनी पट्टा बांधला ना, तेव्हा उस्तिना शाळेत जाऊन भांडून आली होती. तेव्हाच तिला बरं नव्हतं. त्याच आठवड्यात कफ भरायला घेतले. म्हणाली, हाप्का, लग्नाच्या दिवशी तरी माझ्या पोरीला बटणासाठी कोणाचं तोंड बघायला नको. कफ झाले, पुढचं राहिलं. म्हणाली, बाकीचं तू कर." तिने उशीवर डोकं टेकलं. "मी म्हटलं, करते. आज करू उद्या करू म्हणत राहिले, आणि तू क्रिंपलीन घालून आलीस. मला एवढा राग आला! मग राग गेला तर डोळ्यांना टाका दिसेना. आता मी तरी काय करणार होते? तुलाच धरलं."

मी खाली बसले, तिच्या पलंगाच्या पायाशी, आणि मोठ्याने रडले. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, मला भांडी घासायला लावलं होतं. आज रडले. कफावर नाक पुसणार तेवढ्यात मावशी ओरडली, "कफाला नाही!"

१४ ऑक्टोबर, सोमवार, पोक्रोवा

मावशी मेलेली नाही. सकाळी तिने बीटाचा बोर्श मागितला आणि त्यात मीठ कमी आहे म्हणाली.

मी चर्चला सदरा घालून गेले. वर लाल माळ, खाली यारिनाने शिवलेला गडद घागरा. बटणं मी माझी लावली, दोन्ही. ओदार्काने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग गळ्याच्या पट्टीवर बोट ठेवून मोजायला लागली. "चार," मी म्हटलं. दुपारी पहिली तीच आली, नेलेलं कापड काखेत घेऊन. तिच्यामागे बाकीच्या सहा जणी. एकीने विचारलं, "राया, व्हरांड्यात पुन्हा कधी बसायचं?" यारिनाने प्रत्येक घडी उलगडून उजेडात धरली. मीही धरली.

मग यारिना मावशीच्या पलंगाशी बसली, हातात पांढरी पट्टी आणि पेन. "आजी, आत काय लिहू?"

मावशीने डोळे मिटून सांगितलं, "लिही. कापड हाप्काचं. कफ उस्तिनाचे. बाकी सगळं रायाचं."

पट्टी मीच शिवली, सुई आपल्याकडे ओढून. घरी येऊन आरशात बघितलं तर सदरा कंबरेपाशी, बाह्यांवर, सगळीकडे चुरगळला होता. चुरगळू दे.